फिरत्या पाकिटातला पानठेला

घुग्घुस,
डिसेंबर १९८५

आदरणीय गुणवंतभाऊ यांस,

तुमचा मावसभाऊ सोमाजी याचा घुग्घुसहून सप्रेम जयभीम. इथे आम्ही सारे कोळशाच्या धुळीसकट मजेत आहोत. वहिनींचे गुडघे थंडीत काय म्हणतात? त्यांना सांभाळा. तुम्ही मात्र रक्तदाबाची गोळी घेऊन मगच पुढचं वाचा.

भाऊ, तुम्ही आपल्या रेडिओ मेकॅनिकांचं फिरतं पाकीट सुरू केलंत, तेव्हा कल्पना किती साधी होती! एकाने अडचण लिहायची, पाकीट पुढच्या गावी पाठवायचं, ज्याला येतं त्याने प्रश्नाखाली उत्तर लिहायचं, आणि फेरी पूर्ण झाली की आपलं जुनं पान काढून नवं घालायचं. पण ब्रह्मपुरीचे मुखरूभाऊ प्रत्येकाचा प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढतात आणि सगळ्यांत खाली लिहितात, ‘माझंही हेच मत.’ (आमचा पोस्टमन पाकीट हातात तोलूनच ओळखतो, की ते ब्रह्मपुरीवरून आलं आहे.) वरोऱ्याच्या लटारूभाऊंनी तर कहर केला. खासगी गोष्ट खासगी पत्रात लिहावी हा तुमचा नियम विसरून त्यांनी स्पीकरच्या प्रश्नाखालीच तुम्हाला विचारलं, की ब्रह्मपुरीचा अमुक मुलगा पितो का, पुतणीसाठी बघतो आहे. तो मुलगा निघाला मुखरूभाऊंचा भाचा! मुखरूभाऊंनी नियमाप्रमाणे प्रश्नाच्या खालीच उत्तर दिलं, ‘पीत नाही. पौर्णिमेला तर मुळीच नाही.’ सोयरीक मोडली आणि स्पीकरचं तसंच राहिलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. अहेरीच्या नव्या मेंबरचं, खुशालचं, तसं नाही. त्याने लिहिलं होतं, की ट्रान्झिस्टर थोडा वेळ वाजतो, मग आवाज बसतो, काय करावं? तुम्ही लाल शाईने उत्तर दिलंत, ‘हा प्रश्न मागच्या फेरीत होऊन गेला. पाकीट वाचायचं नसेल तर मेकॅनिक कशाला झालात? पानठेला टाका. सेलच्या कप्प्यातली पट्टी घासून पाहा.’ आता भाऊ, मागच्या फेरीची पानं काढून टाकायचा नियम कोणाचा? तुमचाच. खुशाल आला तेव्हा ते पान पाकिटात नव्हतंच. जे नाही ते न वाचल्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली. त्यात पाकीट अहेरीला बाकी सगळ्यांच्या हातांतून गेल्यावर पोचतं, त्याच्यानंतर फक्त मी. वाटेत मुखरूभाऊंनी खाली लिहिलं, ‘माझंही हेच मत.’ लटारूभाऊंनी लिहिलं, ‘पानठेल्याला माझी हरकत नाही.’ समोरासमोर तुम्ही रागावला असता, तर पोराचं तोंड पाहून अर्ध्यात थांबला असता आणि चहा मागवला असता, हे मला ठाऊक आहे. कागदाला तोंड नसतं, तिथेच आपलं चुकतं.

मागच्या आठवड्यात मी सोयऱ्यांकडे लग्नाला अहेरीला गेलो होतो (बसचं एक चाक आल्लापल्लीच्या अलीकडेच बसलं, त्याची कथा भेटीत). खुशालच्या दुकानात गेलो, तर बाकावर बाजाराची माणसं आणि त्याची आई ठमाबाई. तिथे पाकीट आलं की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची रीत आहे. आपल्याला त्याचा पत्ताच नाही! ठमाबाई मोठ्या अभिमानाने मला सांगू लागली, “चंद्रपूरच्या मोठ्या मेकॅनिकनं याले लिवलं, लय चांगलं विचारलं म्हने, असाच विचारत जाजो.” मी खुशालकडे पाहिलं. तो खाली मान घालून रेडिओतल्या तारेला डाग देत होता. लाल शाई समोर धरून त्याने आईला हे वाचून दाखवलं होतं, भाऊ. मला तिथे फार वाईट वाटलं. नंतर बाहेर येऊन म्हणाला, “सोमाजीभाऊ, आता मी काई विचारत नाई. येते तेवढं करतो, बाकीचे रेडिओ वापस करून राह्यलो.” या फेरीत त्याचं पान नाही, ते यामुळे.

तुमच्याइतकं रेडिओचं ज्ञान आपल्या मंडळात कोणाला नाही, आणि मी काही तुम्हाला शिकवायला बसलेलो नाही. एवढंच वाटतं, की माणूस चिडला असेल तर पाकीट एक रात्र उशाशी ठेवावं आणि सकाळी, चहा घेऊन, उत्तर लिहावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सोमाजी

ता. क. : पाकीट इथून कालच तुमच्याकडे निघालं. त्यात माझी चार पानं आहेत. ती मी अहेरीहून आल्या आल्या, चहा न घेता, लिहिली. त्यात तुम्हाला हेडमास्तर, फौजदार आणि आणखी एक शब्द म्हटलं आहे. हे पत्र खरं तर त्यासाठी होतं, की पाकीट पुढे पाठवण्याआधी ती पानं काढून चुलीत घालावी. (दुसऱ्या पानामागे माझा ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न आहे, तेवढा वाचून घ्या.)

आणखी ता. क. : हे पत्र चिकटवताना आठवलं. बस सुटता सुटता खुशाल खिडकीशी आला आणि म्हणाला, “गुणवंतभाऊचं बराबर होतं. पट्टी घासली, रेडिओ वाजला. पन त्याइले सांगाचं कसं?” तेव्हा भाऊ, माफी वगैरे राहू द्या. एक कार्ड टाका आणि त्याला विचारा, रेडिओ वाजला का?