अडीच तासांवरचा मुलगा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर बोलताना आई कान टवकारून शेजारीच असते, म्हणून हे पत्र. तिचं पित्ताशय काढायचं ठरलंय, अठ्ठावीस तारखेला सकाळी. शस्त्रक्रिया साधीच आहे, पण तिचं वय आणि साखर पाहता डॉक्टरांनी मुलांना जवळ राहायला सांगितलंय. लगेच घाबरून जाऊ नकोस.

खरा घोळ पुढेच आहे. तुला त्याच दिवशी सकाळी कळवायचं, आधी नाही, अशी आईची ताकीद आहे. उगाच रजा कशाला वाया घालवायची? सकाळी फोन केला की दुपारी तू हजर, असं तिचं म्हणणं. मी चक्रावलेच. मग उलगडा झाला. मागच्या खेपेचं तुझं तिकीट तिने शिलाई मशीनच्या खणात जपून ठेवलंय. निघालास एकला, पोचलास साडेतीनला. बाईंनी वजाबाकी केली, अडीच तास! दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचा फरक आहे, हे तिच्या गावीही नाही. मग परत जाताना साडेनऊ तास कसे लागतात, असं विचारलं तर म्हणते, घरून निघताना पाय जड होणारच.

हसू नकोस. या अडीच तासांच्या जिवावर ती दोन वर्षं निवांत आहे. आता खरं सांगावं तर ऐनवेळी धीर खचायचा, न सांगावं तर दाराकडे डोळे लावून बसायची. मला काही सुचत नाही. तूच काय ते सांग, आणि या लिहिण्याचा राग मानू नकोस.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हसलो, आणि मग तास मोजायला बसलो. विमान सहा तासांचं, पण दारापासून दारापर्यंत धरलं तर बारा होतात. रजेसाठी साहेबांचे पाय धरले, चार दिवस मिळाले.

आईला काही सांगू नकोस. सत्तावीसच्या रात्रीचं विमान घेतो. सकाळी तू तिच्यासमोर मला फोन कर. मी दचकल्याचं सोंग करीन. तेव्हा मी खाली दवाखान्याच्या बाकावर बसलेला असेन. तोंडावर हसू आणू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

टाके निघाले. मशीनवर बसायला अजून बंदी आहे, म्हणून पत्र लिहायला बसले.

भूल उतरली तेव्हा तू समोर खुर्चीत होतास. बूटसुद्धा न काढता, मान टाकून घोरत होतास. अडीच तासांच्या प्रवासाने माणूस असा मोडत नाही. तू गेल्यावर ताईला फैलावर घेतलं. तिने दोन मिनिटांत सगळं ओकून टाकलं.

आधी फार राग आला. आईला चांगलंच येड्यात काढलंत. पण तुमची माया कळते रे मला, आणि माझी वजाबाकी चुकली हेही कबूल. जिवाला वेगळीच गोष्ट लागलीय. तू शाळेच्या सहलीला गेलास तेव्हापासून तू वाटेत असताना मी कधी डोळा मिटलेला नाही. त्या रात्री तू आभाळात होतास आणि मी गाढ झोपले होते.

माझा लोभ आहेच, तो तुला मागावा लागत नाही. फक्त यापुढे निघशील तेव्हा खरे तास सांगून निघ. किती जागायचं, ते माझं मला ठरवू दे.

तुझी,
आई