रात्रीचं पाणी

७ डिसेंबर

सौर पंपाच्या प्लेटा बसल्या! विहिरीशेजारी, कडब्याची गंजी असायची त्या जागी. बटण दाबायला हे स्वतः पुढे झाले, मग थांबले आणि वेदिकाला म्हणाले, "तू दाब." आमची लेक, आठवीत आहे. तिने दाबलं. पाइपातून आधी नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. सासूबाईंनी नारळ फोडला. कळवणहून पेढे आणले होते, ते पुरले नाहीत इतकी माणसं.

आता लाइटची वाट बघायला नको. आमच्याकडे मोटारीची लाइट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच येते. त्या रात्री हे रानात. कांद्याला पाणी भरत, थंडीत, पार उजाडेपर्यंत. ते संपलं. ऊन आहे तोवर पाणी, ऊन गेलं की माणूस घरात.

रंगनाथभाऊ आले होते, माझे चुलत दीर. मागच्या थंडीत पाणी भरताना बिबट्याने त्यांच्या खांद्यावर झेप घेतली. अंगावर घोंगडी होती म्हणून वाचले. हात अजून धड वर जात नाही. त्यांची बायको चतुराबाई माझ्या गळ्यात पडून रडली. "सुटलीस गं बाई! तुझं कुंकू बळकट हाय."

मीही रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

८ डिसेंबर

काल पुढचं लिहायला हात धजला नाही.

मला आनंद झाला नाही.

११ डिसेंबर

लिहूनच टाकते. इथे नाही लिहायचं तर कुठे?

त्या रात्री माझ्या होत्या. हे जेवून, गमबूट चढवून, बॅटरी घेऊन निघाले की मी दार लावायचे. वेदिका आजीजवळ झोपते. सासूबाईंना ऐकू कमी येतं. खोलीत मी एकटी. भरपूर आलं घालून चहा करायचा — फक्त माझ्यापुरता, दूध हवं तेवढं. पलंगावर वाटेल तशी तिरपी पडायचे. पल्लवीला फोन लावायचा. ती माझी धाकटी बहीण, माहेरच्याच गावी, नाशिक रोडला दिली आहे, तिचा नवरा रात्रपाळीला. दोघी मनसोक्त हसायचो. ही वही लिहायची. आणि कधी काहीच नाही, नुसतं बसायचं. "काय करतेस?" असं विचारायला कुणी नाही!

माहेरी दोन खोल्यांत आम्ही सहा जणं. इथे आले तर दिवसभर उज्वला, उज्वला. सासूबाईंचं पाणी, मजुरांचा चहा, वेदिकाचा डबा, गाईचं आंबोण. स्वतःची अशी खोली मला मिळाली ती त्या रात्रींमध्येच.

आणि तेव्हा हे कुठे होते? गुडघाभर चिखलात. जिथे रंगनाथभाऊंना बिबट्याने धरलं, तिथून चार वावरं सोडून.

हे वाईट असते तर बरं झालं असतं. पीत नाहीत. हात उचलत नाहीत. भाजीला कधी नाव ठेवत नाहीत. असा माणूस घरी, उबेला आला आणि मी तोंड पाडून बसले आहे. कसली बाई आहे मी!

१९ डिसेंबर

घोरतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं घोरतात हे कधी जाणवलंच नव्हतं!

२ जानेवारी

आता गोठ्याच्या मागे बसून लिहिते, दुपारी, हे रानात असताना. रात्री हे लवकर झोपतात आणि मीही गप पडते. काल म्हणाले, "आता बरं हाय ना? दोन घास निवांत खातो, निवांत झोपतो." मी म्हटलं, हो, बरं आहे. डोळे मिटून घेतले. तोंड कुठे लपवावं कळेना.

यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आहेत. खोकला थांबला आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझ्या नवनाथचं अंग भरलं." खरंच भरलं आहे. मी पाहते आणि तरीही मनात — तरीही.

१६ जानेवारी

शेजारच्या झुंबरबाईंकडे हळदीकुंकू होतं. सगळा विषय आमच्या प्लेटांचा! कुणाचा अर्ज अडकला, कुणाचा भाऊ भरणार आहे. झुंबरबाई म्हणाल्या, "उज्वलाची मजा हाय बाई. दिवसा पाणी अन् रातच्याला नवरा!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले.

एकटी चतुराबाई हसली नाही. हळूच म्हणाली, "आमच्या बी प्लेटा आधी आल्या असत्या तं..." पुढे बोललीच नाही. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तिच्या नजरेला नजर दिली नाही.

२२ जानेवारी

आभाळ. चार दिवस ऊन असं नाहीच. प्लेटांवर पाणी येतं, पण बारीक धार. कांदा माना टाकायला लागला आहे. हे सारखे वर बघतात.

२३ जानेवारी

रात्री लिहिते आहे! खोलीत! चहा शेजारी आहे.

जुनी लाइन अजून तोडलेली नाही आणि आज रात्रीची लाइट आहे. हे रानात गेले आहेत. पल्लवीला आता फोन लावणार.

२४ जानेवारी

हे आले, बरे आहेत. आधी तेवढं लिहिते.

काल जेवताना हे म्हणत होते, "उद्या ऊन पडंल, थांबू एक दिस." मी म्हटलं, "कांदा थांबेल का? जुनी लाइन आहे ना." हे माझ्याकडे बघत राहिले. "जाऊ म्हणतीस?" मी म्हटलं, "बघा बाई, तुमचं तुम्हाला कळतं." केवढ्या काळजीने बोलले मी! कांद्याची काळजी! बॅटरी मीच चार्ज करून ठेवली होती. दुपारीच.

पल्लवीशी बोलत होते तेव्हा मध्येच कानात टूं टूं वाजत होतं. दुसरा कुणाचा तरी फोन. पल्लवी तिच्या जावेची नक्कल करत होती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. कोण फोन करतंय, मी पाहिलंच नाही.

हेच करत होते.

मक्याच्या वावराकडून जनावर आलं. यांना आधी डोळे दिसले, मग ते बांधावर येऊन बसलं. हे मोटारीच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. दार कसलं, पत्राच तो. बाहेर ते घुटमळत होतं, वास घेत होतं. मग रंगनाथभाऊंच्या वस्तीकडे गेलं आणि त्यांची शेळी नेली. हे उजाडेपर्यंत आतच उकिडवे बसलेले.

सकाळी आल्यावर आधी दोन कप चहा प्यायले. म्हणाले, "तुला फोन लावत व्हतो. बिझी बिझी येत व्हता. रेंजचा घोळ असंल."

मी म्हटलं, "हो. रेंजच नव्हती रात्री."

असं म्हटलं मी. त्यांच्या तोंडावर.

२५ जानेवारी

बांधावर ठसे बघून आले. माझ्या तळव्याएवढे. मोटारीच्या खोलीच्या दारापर्यंत आलेले.

जेवण गेलं नाही. वेदिका विचारते, "मम्मी, बिबट्याला घाबरलीस?" हो म्हटलं.

२७ जानेवारी

लख्ख ऊन. हे लाइन कट करायचा अर्ज देऊन आले. "नकोच ती भानगड," म्हणाले. मी भांडी घासत होते, हे शेजारी येऊन बसले. असे कधी बसत नाहीत.

म्हणाले, "सौर पंपाचा फारम भरला तो माझ्यासाठी नाय. तुझ्यासाठी."

मी म्हटलं, "माझ्यासाठी कसा?"

"मी रानात असलो की तू रातभर जागीच. तिकडून दिवा दिसायचा. रंगनाथ बी म्हणायचा, वहिनीचा दिवा काय इझत नाय. म्हणलं, ही माझ्या पायी झुरून मरंल. आता झोप गं. लय जागलीस माझ्यासाठी."

मी राख लावलेलं पातेलं घासतच राहिले. घासून घासून बोटं सोलली. यांना वाटलं, मी सुखाने रडते आहे. डोक्यावर हात ठेवून गेले.

हे कसं वाहून न्यायचं आता? नुसतं निवांतपण आवडलं असतं तर निभावलं असतं. पण मी पतिव्रता ठरले! फुकटात!

२९ जानेवारी

सासूबाई चतुराबाईला सांगत होत्या, "नवनाथ रानात असला की माझी सून डोळ्याला डोळा लावायची नाय." चतुराबाई माझ्या पायाला हात लावायला वाकली. वयाने मोठी आहे माझ्याहून! मी उठून गोठ्यात पळाले.

१ फेब्रुवारी

सांगितलं.

संध्याकाळी विहिरीवर, दोघंच होतो. एका दमात सगळं. चहा, पल्लवी, हसणं, मोकळी खोली. त्या रात्री मीच त्यांना घालवलं ते. फोन वाजत होता आणि मी पाहिला नाही ते. रेंज होती, तेही. म्हटलं, "मी काळजीने जागत नव्हते हो. मला बरं वाटायचं म्हणून जागत होते."

यांनी फडकं उचललं. प्लेटांवर धूळ बसली होती, ती पुसत राहिले. एक पुसून झाली, दुसरी, तिसरी. अंधार पडला तरी पुसतच होते. मग म्हणाले, "चल. आई वाट बघत असंल."

जेवल्यावर अंथरूण उचललं आणि ओट्यावर जाऊन झोपले.

२ फेब्रुवारी

आजही ओट्यावर. थंडी आहे. मी गोधडी नेऊन दिली. घेतली. "राग आलाय का?" विचारलं. "नाय," म्हणाले आणि कूस बदलली.

खोली रिकामी आहे. चहा ठेवला होता, मग ओतून दिला.

४ फेब्रुवारी

बोलतात, पण कामापुरतं. पाणी कुठल्या वाफ्याला गेलं, गाईने किती दूध दिलं. सासूबाईंनी विचारलं, हा बाहेर का झोपतो? हे म्हणाले, "आत उकडतं." फेब्रुवारीत!

तिथेही मला सांभाळून घेतलं.

८ फेब्रुवारी

दुपारी भाकरी घेऊन रानात गेले. बांधावर बसून खात होते. एकदम म्हणाले, "रागानं नाय झोपत बाहेर. तोंड दाखवायला लाज वाटती."

मी म्हटलं, "तुम्हाला कसली लाज?"

हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. मग म्हणाले, "भ्या वाटायचं, नाय असं नाय. पण मला बी इकडं लय बरं वाटायचं. कुणी हाक मारत नाय, कुणी इचारत नाय. लाइट लवकर गेली तरी मी उजाडंस्तोवर बसून राहायचो. अन् तिकडं तुझा दिवा दिसायचा. वाटायचं, ती बिचारी माझ्यासाठी जागती आन् आपण इथं मजेत. त्या लाजंपायीच फारम भरला मी."