बिनखळीचं कापड

प्रिय सुशील,

तुझ्या कंपनीचं कॅलेंडर पोचलं. मी ते भिंतीवर लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. त्याच्यावर एक गोरी बाई विलायती तपासणीची डबी हातात धरून हसून राहिली अन् खाली तुझं नाव, विक्री अधिकारी. पाच वर्षं प्रयोगशाळेत डोळे फोडले अन् आता हैदराबादेत बसून दुसऱ्याच्या डब्या काहून विकून राहिला गा? फोन केला की "मीटिंगमधी आहो ताई" म्हणते अन् ठेवून देते. म्हणून लिहून राहिली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागंल तेवढा वेळ लाव, पण शेवटपर्यंत वाच.

मयुरी असती तर यंदा बारावीले असती. नऊ वर्षांची माझी पोर सांधे धरून रडायची. कोणी वात म्हटला, कोणी कावीळ. शेवटी नंदनवन वस्तीतल्या डॉक्टरनं रक्त तपासाले पाठवलं. सिकलसेल आहे म्हणून कागद आला, तवा तिची तेरवी आटोपून गेली होती. पंगतीतली ताटं उचलता उचलता तू म्हटलं, "ताई, रक्ताचा जवाब अंगणातच भेटला पाहिजे." मले वाटलं, माणूस रडता येत नाही म्हणून बोलून राहिला.

पण तू खरंच बनवलं. औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब मिसळायचा अन् कापडाच्या तुकड्यावर टाकायचा. चांगलं रक्त पसरते, सिकलसेलचं मधातच थबकून लाल ठिपका धरते. या तपासणीचा बाहेरून येणारा कागद महाग, अन् महिना महिना येतच नाही, म्हणून तुले आपल्या हातमागावरचं पातळ कापड सुचलं. तेव्हा माझा माग चार वर्षांपासून धूळ खात होता. तू म्हटलं, कापड तूच विणून दे. अरे, माझ्या हातची लुगडी कितीक बाया नेसल्या, पण माझ्या कापडानं कोणाची पोर वाचंल, हे मले आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पहिले शंभर तुकडे बरोबर निघाले. तू ते रामदासपेठेतल्या औषध कंपनीच्या साहेबांले दाखवले. ते म्हणाले, गावात पाचशे लोकांवर करून दाखवा, मग कारखान्यात काढायचं पाहू.

उमरेडजवळच्या त्या गावातलं शिबिर विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी पण आली होती, नवं पातळ नेसून. पहिल्या बाईचा ठिपका, दुसऱ्या माणसाचा ठिपका, शाळेच्या मास्तरचा ठिपका. साहेबांच्या जीपच्या ड्रायव्हरचाही ठिपका. सगळं गावच बिमार निघालं. सरपंच मधुकरराव म्हणाले, "साहेब, माझ्या बोकडाचंही रक्त पाहून घ्या, त्यालेही असन." लोक हसले, साहेबही हसले. तू टेबलाखाली वाकून औषधाच्या बाटल्या पाहत होता, कोणती खराब झाली म्हणून. त्याच गावच्या प्रेमिलाच्या पोरीची, अपेक्षाची सोयरीक ठरली होती. ठिपक्याची गोष्ट पाहुण्यांपर्यंत पोचली. पुढं मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त साफ निघालं, पण पाहुणे काही परत आले नाहीत.

नंतर सहा महिने तू औषध बदलत राहिला, तेही शिबिरासाठी विणलेल्या त्याच थानाच्या उरलेल्या तुकड्यांवर. ठिपका काही हटला नाही. तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांनी फाइल बंद कर म्हटलं, तू केली अन् गाव सोडलं. मी घरोघरी सांगत फिरली, माझा भाऊ कच्चा निघाला, एका हसण्यानं पळाला. तुलेही तोंडावर बोलली. तू चहा न घेता निघून गेला.

आता ऐक. तू कच्चा नव्हता. पहिल्यांदा कापड विणाले घेतलं तवा तू दोनदा बजावलं होतं, "ताई, खळ लावू नको हं." पहिले शंभर मी तसेच दिले, बिनखळीचे. पण मोठ्या साहेबांसमोर माझं कापड ओल्या फडक्यासारखं लोळंल, हे मले पाहवलं नाही. आपल्या आईनं बिनखळीचं कापड कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं काय? मले वाटलं, माझी मेहनत वाचावी म्हणून तू म्हणते. तांदळाची खळ केली, पातळ, अन् कुंच्यानं ओढली. थान कागदासारखं कडक झालं. शिबिराच्या सकाळी तू ते हातात घेऊन म्हटलं, "वा ताई." तिसऱ्याच ठिपक्याले मले समजलं होतं, खळीनं कापडाची भोकं बुजली, आता कोणाचंच रक्त पसरणार नाही. मी बोलली नाही. मयुरीच्या नावानं उभं राहिलेलं काम तिच्या मायच्याच हातानं मेलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? नंतर तू उरलेले तुकडे मागाले यायचा, अन् मी मुकाट्यानं काढून द्यायची.

परवा पेटीत त्याच थानाचा एक तुकडा सापडला. खळ जावी म्हणून सोड्यात उकळला, वाळवला, त्याच्यावर कुंकवाच्या पाण्याचा थेंब टाकला. काठापर्यंत पसरला, सुशील. मधात काहीच राहिलं नाही. आता तुझे भाऊजी मागाची ही खोली भाड्यानं द्यायची म्हणतात, अन् माग मोडून कामठीच्या लाकूडवाल्याले द्यायचं ठरवून बसले. रविवारी सकाळी टेम्पो येणार. मले माफ कर असं मी लिहीत नाही, तसं म्हणाले तोंड नाही. एवढंच विचारते, तो माग ठेवू की जाऊ देऊ? शनिवारच्या संध्याकाळपर्यंत सांग. शिव्या द्यायच्या तर दे, पण जवाब दे.

तुझीच,
वच्छलाताई