गच्चीची तीन कुलपं

ती. ताईस,

गुडघा परवानगी देतो तेवढं वाकून नमस्कार. तुझी दाढ काय म्हणते? भाऊजींचा खोकला आणि त्यावरचं तुझं भाष्य, दोन्ही पूर्ववत असतील असं धरतो. आम्ही मजेत आहोत. जरा जास्तच मजेत, म्हणून हे पत्र.

आमच्या इमारतीच्या जुन्या सेक्रेटरींनी अकरा वर्षं गच्चीची किल्ली कमरेला लावून ठेवली होती, हे तुला ठाऊक आहे. त्यांना हटवून आम्ही इमारतीची घटना लिहिली. (लिहिली मीच. तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचीस, त्यातलं सत्तेचं विभाजन जसंच्या तसं उचललं.) गच्चीला तीन कुलपं: एक किल्ली अध्यक्ष म्हणून माझ्याकडे, एक दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे, एक भूगोलाच्या निवृत्त सरांकडे. तिघांची संमती असेल तरच दार उघडायचं. डायरीत मी 'आज इतिहास घडला' असं लिहिलं, मग खोडून 'आज बरं काम झालं' केलं.

आता चूक ऐक. दाराला कडी एकच. म्हणून कुलूपवाल्याने साखळी घातली आणि तिच्या दोन टोकांमध्ये कुलपात कुलूप, त्यात तिसरं कुलूप असं गुंफून दिलं. दिसायला तुरुंग, पण कोणतंही एक उघडलं की साखळी सुटते! हे मला चौथ्या दिवशी कळलं. सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तेव्हापासून रोज पहाटे वर बसून डायरी लिहितो आहे. वारा गार असतो, अक्षरही सुधारलंय. (डायरीत नोंद 'फिरायला गेलो' अशी आहे. अगदीच खोटी नाही. गच्चीवर मी फिरतोही.)

दरम्यान तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दमट रजया वाळवायला दोनदा अर्ज केला. त्यांना दमा आहे. दोन्ही वेळा आम्हा तिघांपैकी कुणीतरी बाहेरगावी, म्हणून घटनेनुसार नामंजूर. मी एकट्याने किल्ली फिरवली असती तर काम झालं असतं, पण गुपितही फुटलं असतं. आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बाळा, आधीचा मेला एकटाच नाही म्हणायचा. आता तीन दारांत जाऊन नाही ऐकावं लागतं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परवा उकाडा फार होता. पहाटे वर गेलो तर साखळी आधीच लोंबत होती. आत शिंपीणबाई टाकीला टेकून थर्मासमधला चहा पिताहेत आणि सर दोरीवरच्या उड्या मारताहेत. एरवी त्यांच्या वेळा वेगळ्या असाव्यात.

"अध्यक्ष, तुम्हाला संमती कुणी दिली?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला?"

"भांडताय कशाला," सर धापा टाकत म्हणाले, "तिघंही आहोत ना? देऊन टाकू संमती. मागच्या तारखेपासून!"

आणि ताई, मी हात वर केला. एकमेकांवर नजर ठेवायला नेमलेल्या तिघांनी एकमेकांना एकमताने माफ केलं. खाली उतरताना फार लाज वाटली. (चहा मात्र छान होता.)

मग बसून जाहीर कबुली लिहिली: कुलपांचं गुपित, आमचे फेरफटके, आजींचे अर्ज, सगळं. शेवटी, दार सर्वांना उघडं करावं अशी विनंती. लिहून झाल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू! 'माणसाचं मन हेच चौथं कुलूप' असं एक वाक्य त्यात घातलंय. जड वाटलं तर खोड.

तुझा धाकटा

ता. क. कबुली अजून लावलेली नाही. घटनेच्या सातव्या कलमानुसार सूचनाफलकावरच्या कागदावर तिघांच्या सह्या लागतात आणि ते दोघं करत नाहीत. एवढा एक अंकुश चोख चालतो. तुला आमची घटना लागू नाही. रविवारी येशील तेव्हा तूच तो कागद लाव. प्रत सोबत आहे, टाचण्या मी देईन.

आणखी एक. सकाळच्या गाडीने आलीस तर बेल वाजवू नकोस, घरचे झोपलेले असतात. सरळ वर ये. साखळी सुटलेलीच असेल.