डाव्या पुढच्या चाकाचे नट

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

इकडे सगळं ठीक. बाबांची कंबर आता बरी आहे. तुझा खोकला थांबला असेल. पत्र शाळेत, शिपाईमावशींच्या हातून मिळालं म्हणून दचकू नकोस. तुझा फोन हल्ली भावोजीच उचलतात, आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे.

आधी झालं ते:

१. मागच्या महिन्यात बाबांनी तुझ्या गाडीचे पुढचे दोन्ही स्ट्रट बदलले. नवे लॉकनट लावले, टॉर्क पान्याने आवळले, वर पिवळी रेघ ओढली. मी गाडी फिरवून पाहिली. आवाज नव्हता.

२. शनिवारी तू गाडी आणलीस. म्हणालीस, "पुढून काहीतरी खडखडतंय गं." गाडी ठेवून बसने गेलीस.

३. आज सकाळी मी ती लिफ्टवर घेतली. डावा स्ट्रट खाली दोन बोल्टांनी चाकाला धरलेला असतो. एका बोल्टला नट नव्हता. दुसऱ्याचा नट होता, पण टेकलेला नव्हता. मधल्या फटीत माझं नख गेलं.

४. उजवी बाजू घट्ट.

बाबा शेजारीच होते. "हात गेले गं माझे," म्हणाले आणि टायरवर बसून राहिले. तेव्हापासून त्यांनी पाना उचललेला नाही. मध्येच म्हणाले, "जावईबापू बोलले ते खरं झालं." तुला आठवत असेल, मागे जेवताना भावोजी म्हणाले होते, "बाबा, आता तुमच्या हातून काही चुकलं तरी कोणी बोलणार नाही हं. वयच तसं आहे." आपण सगळे हसलो होतो.

चूक बाबांची नाही.

लॉकनटमध्ये नायलॉनची कडी असते. तो खड्ड्यांनी सुटत नाही, त्याला पाना लावावा लागतो. दुसरं म्हणजे रेघ. बाबांची पद्धत तुला माहीत आहे: नट आवळला की रॉकेलने पुसायचा, मगच नटापासून बोल्टच्या टोकापर्यंत रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. या सैल नटावरची रेघ अखंड होती. पिवळी, सरळ. नखाने खरवडली तर पापुद्र्यासारखी निघून आली. खाली महिन्याभराची धूळ आणि वंगण. बाबा न पुसता चष्मासुद्धा डोळ्यांवर चढवत नाहीत.

स्ट्रट बदलले त्या दिवशी भावोजी सकाळभर गॅरेजमध्ये उभे होते. एरवी ते बॉनेटही उघडत नाहीत.

"शॉकअप आणि स्ट्रट एकच ना, बाबा?"

"छे हो! शॉकअप नुसतं स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. तो गेला तर गाडी डोलते, माणूस शिव्या घालत का होईना, घरी पोचतो. स्ट्रट ते काम करतोच, शिवाय चाकाला उभं धरतो."

"आणि खालून सुटला तर?"

"मग चाक आडवं. आणि उतारावर असाल, तर पोचायचं नावच नको."

बाबा त्या दिवशी खूश होते. जावई अखेर माणसांत आला, म्हणाले.

तुझं घर वर आहे, शाळा खाली. त्या रस्त्याने ही गाडी तूच चालवतेस.

दुपारी भावोजींचा फोन आला. "काय मेहुणीबाई, घरचं गिऱ्हाईक म्हणून शेवटचा नंबर का?" मी म्हटलं, अजून बघितली नाही. "बघा, बघा. शुक्रवारी सकाळी मी स्वतः न्यायला येतो. हिचं अडतं गाडीवाचून. डाव्या बाजूचं तेवढं नीट करा."

बाजू मी कोणालाच सांगितलेली नाही, आणि बाबांनी आज फोनला हातही लावलेला नाही. शनिवारी तूही फक्त 'पुढून' म्हणालीस. आवाज डावीकडून येतो हे तुला आधीच जाणवलं असेल आणि तू त्यांना सांगितलं असशील, तर तसं लिही. मला ते वाचायला आवडेल. बाकी सगळं मी दोनदा तपासलं आहे.

बाबांना यातलं काही बोललेले नाही. आपले हात गेले, एवढं ते सोसतील. तुझं उत्तर आल्याशिवाय याहून जास्त त्यांना सांगणार नाही.

गाडी लिफ्टवर आहे तशीच ठेवली आहे. तो सैल नट आणि रेघेचा पापुद्रा एका डबीत आहेत. डबी माझ्याजवळ आहे. भावोजी शुक्रवारी आले तरी गाडी त्यांना मिळणार नाही. ते तुला दुसऱ्या कोणाची गाडी आणून देतील, तर त्या गाडीत बसू नकोस. मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझी उशी उन्हात टाकली आहे.

प्रश्न एकच: डावी बाजू तू त्यांना सांगितली होतीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही आणि चिठ्ठी मावशींकडे दे. घरून फोन करू नकोस.

गुरुवारी शाळा सुटेपर्यंत उत्तर हवं. मी फाटकाशी उभी असेन.

तुझी धाकटी,
पाना