घरभर कुजबुज

२ मार्च
कादंबरी मार्चअखेर संपवायचीच. रोज पाच पानं. विषय तगडा आहे. एका बाईला जीवघेणा आजार होतो, डॉक्टर तो सगळ्या नातेवाइकांना सांगतो, फक्त बाईला नाही. बाईला पत्ता लागतो. मग बाई एकेकाला बघून घेते. कसं, ते लिहिता लिहिता सुचेल. आधीची पुस्तकं अशीच झाली.
आज फक्त वरचं नाव लिहिलं, तेही खोडलं. मग पेनातली शाई संपली. सुनेला शाई आणायला सांगितलेली, तिने आणली नाही. तिच्या मनात काय आहे कुणास ठाऊक.

५ मार्च, सकाळी
घरात कुजबुज सुरू झालीय. मुलगा आणि सून ओट्याशी उभे राहून नुसते ओठ हलवतात. मी गेले की तोंडं बंद. आज सून माझ्याकडे वळून काहीतरी पुटपुटली. टोमणाच असणार. मीही काही कच्ची नाही. मस्त हसले आणि म्हटलं, बरं झालं, कधीची वाट बघत होते. ती रडत आत गेली. नेम बरोबर बसला.

५ मार्च, संध्याकाळी
विहीणबाई बाथरूममध्ये पडल्या, पाय मोडला. हे मला कळलं कुणाकडून, तर शेजारच्या शिंपिणीकडून. तिचा आवाज चार घरं ओलांडून जातो, म्हणून बरं. वर मुलगा ओरडतो, आई, सकाळी हिने तुलाच तर आधी सांगितलं. धडधडीत खोटं. कादंबरीत घालते.

९ मार्च
डोकं जड होतं म्हणून दवाखान्यात गेले. थोडी कादंबरीचीही चौकशी. आमचा डॉक्टर पोरगेला आहे. बोलतो असा, की समोर बसलेल्या माशीलासुद्धा डुलकी लागेल. मी त्याला तोंडावर हळूबाई म्हणते. त्याला विचारलं, पेशंटपासून आजार लपवतोस का रे कधी. त्यावर तो बराच वेळ बोलला. सगळं कळलं असं नाही, पण परत विचारलं तर लोक म्हातारी म्हणतात. म्हणून मान हलवत राहिले, हो हो, चालेल म्हणत.
मग कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. कंपाउंडरने खुणेने सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. यंत्र बंद पडलेलं होतं. पोराला वाईट वाटू नये म्हणून मी आपल्या अंदाजाने मधूनमधून दाबत राहिले.
हळूबाईने कागद उलटासुलटा करून बघितला. मग तोंड पाडून पुन्हा काहीतरी बोलला. मी म्हटलं, चालेल, आणि उठले. दारात त्याने आणखी काहीतरी विचारलं, मी नुसती हसले आणि निघाले.

१० मार्च
तोंड का पाडलं? त्यावरून उलगडा झाला. मला काहीतरी मोठं झालंय, आणि ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मुलगा हल्ली हाक मारत नाही, येऊन खांद्यावर हात ठेवतो. आत्तापासून निरोपाची सवय करतोय.
माझीच कादंबरी माझ्यावर उलटली. पण घाबरायचं नाही. उलट फायदा, आता आतून लिहिता येईल. उद्यापासून रोज दहा पानं.

१५ मार्च
तीन पानं झाली. त्यात दोन पानं कुणाकुणाला बघून घ्यायचं त्याचीच.
टीव्हीवरची बातम्यांची बाईही आता हळू बोलते. तिला कुणी फितवलं, याचा विचार करतेय. आवाज वाढवला तर शिंपीण दारात येऊन ओरडून गेली. बेलही बिघडलीय. सून ती पुन्हा पुन्हा दाबून दाखवते आणि खुणेने सांगते, चालू आहे. घ्या.
हे होते तोवर एक सुख होतं. आमच्याकडे कुजबुज नव्हती. लाडानं बोलले तरी गल्लीला ऐकू जायचं.

१६ मार्च, रविवार
या घरात विश्वासाचं माणूस एकच, धाकटे भावजी. दर रविवारी येतात, कादंबरी ऐकतात. खुर्चीत मान टेकवून, डोळे मिटून, अगदी तल्लीन. मी थांबले की डोळे उघडून म्हणतात, वा वहिनी. सासरचं रक्त, पण श्रोता अस्सल.
मी गेल्यावर शिलाई मशीन सुनेला नाही, भावजींना. त्यांना शिवता येत नाही, पण तत्त्व म्हणून.

२१ मार्च
आज सोक्षमोक्ष. मुलाला आणि सुनेला बरोबर नेलं, साक्षीला. हळूबाईसमोर उभी राहिले आणि कादंबरीतलं पान वाचलं, पेशंटला सत्य कळायलाच हवं, ते. मग विचारलं, माझे किती दिवस राहिलेत, बऱ्या बोलाने सांग.
त्याने तिघांकडे बघितलं. औषधाच्या जाहिरातीच्या कागदामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, यांच्यासमोर सांगू का? म्हटलं, सांग. मग जो ओरडला, बाहेर रांगेतले उठून उभे राहिले.
कानाने कमी ऐकू येतं. बाकी तब्येत घोड्यासारखी. हे त्याने मला त्या दिवशीच दोनदा सांगितलं होतं. मशीन लावूया का विचारलं, मी चालेल म्हटलं आणि उठून निघून गेले. घरच्यांना सांगू का विचारलं, तर हसले. माझ्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं, म्हणून त्याने घरी एक अक्षर कळवलं नाही.
सून म्हणाली, आई, मला वाटलं तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. हे तिने कानाशी येऊन सांगितलं. पुन्हा रडली. यावेळी नेम मी धरला नव्हता.
मरणार नाही. एवढी तयारी केली होती.
शिवाय डॉक्टर सज्जन निघाला. कादंबरी खलास.

३० मार्च, रविवार
कानात मशीन. सगळं ऐकू येतं. फ्रीज गुरगुरतो, माझ्या गुडघ्यात कुणीतरी शेंगा सोलतं. मुलगा आणि सून ओट्याशी तासभर बोलले. नळाचा वॉशर, विहीणबाईंचं प्लॅस्टर, परत वॉशर. माझा विषय एकदाही नाही. दाराआड उभी राहून पाय दुखले.
भावजी आले. म्हटलं, यांना तरी कदर आहे. नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण काढलं. त्यांनी मान टेकवली, डोळे मिटले. दुसऱ्या परिच्छेदाला घोरायला लागले. बारीक नाही, चांगलं शिट्टीसकट.
मी मशीन काढून टीपॉयवर ठेवलं आणि प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. भावजी फार तल्लीन झाले होते.