दोन व्याही, दोन सायकली आणि तीन दिवसांचा चढ

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार सध्या कागदावरच मानून घे. खरोखर आडवा झालो तर उठवायला घरात कोणी नाही, आणि तू पडलीस दोन दिवसांच्या वाटेवर.) तुझा गुडघा कसा आहे ते सविस्तर लिही. नुसतं ‘बरा आहे’ असं लिहू नकोस. मागच्या पत्रात तू तेवढंच लिहिलंस आणि मी आठवडाभर काळजीत होतो, कारण खरोखर बरं असतं तेव्हा तू गुडघ्याबद्दल पानभर तक्रार करतेस. कानातलं यंत्र झोपताना डबीत ठेवत जा, उशीखाली नको.

माझी प्रकृती उत्तम आहे. मांड्या, पोटऱ्या, कंबर, दोन्ही मनगटं आणि माणूस ज्याच्यावर बसतो तो भाग सोडला तर बाकी सगळं ठणठणीत आहे. या वयात सायकलवरून डोंगर चढायचं खूळ कुठून आलं असं तू विचारलंस. खूळ माझं नव्हे. तुला माहीत आहेच की थंडीत मी न्हाणीघरात घसरलो होतो. (हे तुला माहीत नसेल तर आत्ता कळलं असं समज आणि रागावू नकोस. फक्त खांदा सुजला होता.) दोन दिवस मी कोणाला काही बोललो नाही, तिसऱ्या दिवशी लेक आली आणि माझ्या सदरा घालण्यावरून तिने ओळखलं. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, ‘बाबा, आता एकटं राहायचं नाही, आमच्याकडे यायचं.’ आता तूच सांग, चाळीस वर्षं ज्या घरात राहिलो, जिथल्या प्रत्येक नळाचा वायसर मी स्वतः बदलला, ते घर सोडून लेकीच्या सासरी जाऊन कसा राहू? मी रागाच्या भरात बोलून गेलो की मी काही म्हातारा झालेलो नाही, अजून सायकलवर घाट चढतो. बोललो आणि फसलो. लेक म्हणाली, ‘ठीक आहे. तीन दिवस, तो चुनखडीच्या डोंगरांतला रस्ता, किल्ल्यावरून जुन्या पुलापर्यंत. आम्ही मोटार घेऊन मागे असू. एकदाही मोटारीत बसला नाहीत तर मी पुन्हा विषय काढणार नाही. बसलात तर सामान बांधायचं.’ ही पोर तिच्या आईवर गेली आहे. तीसुद्धा असंच शांतपणे बोलायची आणि आपण हरलो हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं.

एवढ्यावर निभावलं असतं, पण माझे व्याही म्हणाले की मीही येतो, सोबत होईल. व्याह्यांना तू लग्नात पाहिलंस, उंच, सडपातळ, शाळांचे गणवेश शिवायचे ते. त्यांची पत्नीही गेली, त्याला आता चार वर्षं झाली. माणूस सोन्यासारखा, पण मर्यादा फार पाळतो. मला ‘आपण’ म्हणतात, म्हणून मलाही त्यांना ‘आपण’ म्हणावं लागतं, आणि नऊ वर्षांत आम्ही कुठल्याही दारातून ‘आपण आधी, आपण आधी’ असं मिनिटभर केल्याशिवाय आत गेलेलो नाही. अशा माणसाबरोबर सायकल चालवायची म्हणजे काय, ते प्रत्येक फाट्यावर कळतं. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे दोघांनाही माहीत असतं, तरी दोघंही पाय टेकून उभे, आणि मागून मोटारीत जावईबापू हॉर्न वाजवतायत.

निघायच्या आदल्या दुपारी मी दोन्ही सायकली तपासल्या. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट सैल दिसली की माझा हात आपोआप जातो. व्याह्यांच्या सायकलला ब्रेकच्या तारेवर जी छोटी गोल चकती असते, ती मला सैल वाटली. उतारावर ब्रेक लागला नाही तर काय घ्या? म्हणून दीड फेरा आवळली. चार पावलं गेलो, काळजी वाटली, परत येऊन अर्धा फेरा आणखी आवळली. पुढची झाली तर मागची का ठेवा, म्हणून तीही. त्यांना सांगितलं मात्र नाही. व्याह्यांची सायकल परस्पर तपासली असं कळलं तर त्यांना वाटायचं, यांचा आमच्यावर भरवसा नाही.

रस्त्याचं काय वर्णन करू? सगळं पांढरं. डोंगर पांढरे, धूळ पांढरी, तासाभरात आमच्या भुवयाही पांढऱ्या (माझ्या आधीच होत्या). तिथे एक नदी आहे, ती चांगली वाहत येते आणि एका भोकातून जमिनीत नाहीशी होते. पाटीवर लिहिलंय की चार कोसांवर पुन्हा वर येते. लोक हौसेने फोटो काढत होते. मला मात्र ते पाहवेना. एवढी मोठी गळती, आणि कोणाची एक तक्रार नाही.

पहिला चढ लागला आणि अक्का, माझी सायकल पुढे जाईना. म्हणजे जात होती, पण चिखलातून ओढल्यासारखी. वाटलं, संपलं. पाय गेले. लेक म्हणते ते खरं आहे. मागे पाहिलं तर व्याही माझ्यापेक्षा मागे, तोंड लालबुंद, आणि तरी मला पाहून हसून मान लववतायत. मला त्यांची दया आली आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून मी आणखी हळू चालवू लागलो. (हळू चालवण्यासाठी मला विशेष प्रयत्न करावा लागला नाही.) किल्ल्यापाशी पोहोचलो तर तो कड्याच्या टोकावर, दोनशे बारा पायऱ्या. व्याही म्हणाले, ‘आपली इच्छा असेल तर पाहू.’ माझी इच्छा खालच्या बाकावर बसायची होती, पण त्यांना पाहायचा असेल असं वाटून मी म्हणालो, ‘आपली असेल तर जरूर.’ असं करत आम्ही दोघंही वर गेलो. वर तोफा आहेत म्हणे. आम्ही एका भिंतीला टेकून बसलो आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत उतरायची वेळ झाली. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत माझ्या पायजम्याचा काठ साखळीत अडकून फाटलेला आणि मी पिनेने टाचलेला व्याह्यांना दिसला. त्यांनी खिशातून सुईदोरा काढला, माझ्या घोट्याजवळ माप घेतलं, आणि काठ दुमडून असा बारीक टाका घातला की उलटून पाहिलं तरी दिसू नये. बायको गेल्यापासून मी फाटलेले कपडे पिनेनेच भागवत होतो. त्यांनी ती पीन माझ्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक गुहा पाहिली. छताला पांढरे खांब लोंबतात, लाल-हिरवे दिवे लावलेत, आणि मार्गदर्शक बाई सांगत होत्या की जड पाणी ठिबकून ठिबकून हे हजारो वर्षांत तयार झालं. लोक आ वासून पाहत होते. अक्का, हाच थर आम्ही नळांतून खरवडून टाकत होतो. कोणी एकदाही दिवे लावले नाहीत. पुढे दरीवरून गेलेला एक जुना दगडी पाट लागला, शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी डोंगरातलं पाणी गावात नेलेलं. त्याचा उतार इतका बेताचा की डोळ्याला दिसत नाही. तिथे मात्र मी सायकल लावून पाऊण तास उभा राहिलो. व्याह्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तेही उभे राहिले, आणि मी काय सांगतोय ते ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, ‘आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. पूर्वेला खिडकी आहे. दिवसभर पोरं कामावर, मी आपला रुमालांना इस्त्री करत बसतो. केलेल्यांनाच पुन्हा करतो. सहज सांगितलं.’ मला संशय आला की लेकीने पढवून पाठवलंय. मी म्हणालो, ‘माझ्या घराला पण पूर्वेला खिडकी आहे.’ त्यावर ते ‘असणारच’ म्हणाले आणि सायकलवर बसले.

तिसरा दिवस. पुलाला दीड मैल राहिला आणि आम्ही दोघंही थांबलो. थांबलो म्हणजे सायकली थांबल्या, आम्ही त्यांच्यावर होतो इतकंच. मोटार शेजारी आली, लेकीने दार उघडलं. मी म्हणालो, ‘आपण बसा. आपल्यावर काही अट नाही.’ व्याही म्हणाले, ‘आपण आधी.’ मी म्हणालो, मला बसता येत नाही. ते म्हणाले, ‘आपण रस्त्यावर आणि मी मोटारीत, हे दिसायला बरं नाही.’ अशी पाच मिनिटं गेली. शेवटी समोरच्या सायकलदुकानातून एक पन्नाशीची बाई हात पुसत बाहेर आली. तिने व्याह्यांच्या सायकलचं मागचं चाक उचलून फिरवलं. चाक अर्धा फेरा जाऊन थांबलं. मग माझ्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

‘ही ब्रेक लावून कोण चालवत होतं?’ ती म्हणाली. ‘आणि ही हवा सोडून?’

मग व्याही घसा खाकरून म्हणाले की हवा त्यांनी सोडली. माझी कंबर नाजूक आहे असं सूनबाईंकडून ऐकलं होतं, कडक चाकावर धक्के बसतील, म्हणून रोज सकाळी मी दाढी करत असताना ते थोडी थोडी सोडत होते. मला सांगितलं नाही, कारण मला वाटलं असतं की हे आपल्याला म्हातारा समजतात. मग मला ब्रेकचं सांगावंच लागलं. ते म्हणाले, ‘तरीच. मला वाटलं, वय झालं.’ मी म्हणालो, ‘मलाही.’ लेक मोटारीच्या पायरीवर बसली आणि हसत सुटली, इतकी की शेवटी पदराने डोळे टिपायला लागली, आणि टिपणं लवकर थांबेना. ‘तीन दिवस,’ एवढंच ती सासऱ्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून म्हणत होती.

त्या बाईने ब्रेक सैल केले, हवा भरली, आणि उरलेला दीड मैल आम्ही असे गेलो की पूल आला ते कळलंच नाही. सात कमानींचा आहे. मी मोटारीत बसलो नाही. लेकीने शब्द पाळला. म्हणजे मी जिंकलो, अक्का. आता माझ्या घरात निवांत बसून हे लिहितोय. घर शांत आहे. मुख्य नळ सकाळपासून तीनदा बंद करून पाहिला, तो बंदच आहे. तेव्हा काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पायजमा व्याह्यांकडे राहिला होता, तो आज आला. इस्त्री करून. घडीत रुमालही होता, माझा नव्हे.

ता. क. दोन. सोबत चिठ्ठी होती. वरच्या खोलीतला नळ ठिबकतो म्हणे. प्लंबरला बोलावता आलं असतं, पण आपल्याला विचारल्याशिवाय बरं वाटेना, असं लिहिलंय.

ता. क. तीन. अक्का, एक काम कर. तू लेकीला पत्र घाल, मोठ्या आत्याच्या अधिकाराने, की तुझ्या बाबाला ताबडतोब घेऊन जा, माझा हुकूम आहे, त्याचं काही ऐकू नकोस. मी जिंकलेलो आहे, त्यामुळे मला आपणहून जाता येत नाही. मी तुला सांगितलं हे लिहू नकोस. मी थोडा विरोध करेन, तिकडे लक्ष देऊ नये असंही लिही. पण फार विरोध करू देऊ नये.

ता. क. चार. पत्र लवकर टाक. नळ ठिबकतोय, आणि ते दुसऱ्या कोणाला बोलावणार नाहीत.